परत केलेला पाचोळा

मुळशीच्या पलीकडच्या एका देवराईतून आम्ही सहा पिशव्या पाचोळा आणला होता. आठवड्याने तो परत नेऊन टाकला, कारण तसं कबूल केलं होतं. त्या देवराईचा नियम साधा आहे: आतलं काही बाहेर न्यायचं नाही. पडलेलं लाकूड नाही, वाळकं पानसुद्धा नाही. देवीची पूजा बघणारे बाबा म्हणाले होते, "तपासायचं तर तपासा, पर पाला माघारी आणून टाका." मैत्रीण म्हणाली, "आणतो बाबा." आणि आणला.

पुढचं जवळजवळ वर्षभर मला त्या व्यवहारातली गोम टोचत राहिली. पाला परत गेला, पण पाल्यातले जीव गेले नाहीत. आणि आम्हाला हवे होते ते जीवच. पाल्याशी आमचं काही देणंघेणं नव्हतं.

मी यातला नाही. मी कोड लिहितो. मैत्रीण माइटवर पीएचडी करते आणि तिला फोटो जोडून देणारं कुणीतरी हवं होतं. मायक्रोस्कोपखाली अर्धा मिलिमीटरचा प्राणी एकाच वेळी पूर्ण स्पष्ट दिसत नाही. पाठ दिसते तेव्हा पाय धूसर असतात. म्हणून वेगवेगळ्या खोलीवर चाळीस-पन्नास फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एक चित्र करायचं. शनिवार-रविवारची गंमत म्हणून मी हो म्हटलं.

माइट म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. गोचीड याच गोतावळ्यातली आणि कोळी जरा लांबचे नातेवाईक. पण मातीतले माइट कुणाचं रक्त पीत नाहीत. ऑरिबॅटिड नावाचा त्यांचा एक मोठा गट आहे. दहा हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्यात, आणि नोंदल्या न गेलेल्या किती आहेत याचा फक्त अंदाजच करता येतो. ते कुजकी पानं आणि बुरशी खातात. पानाची माती होण्याच्या लांबलचक कामात त्यांचा हात, म्हणजे आठही पाय, असतात. त्यांचे जीवाश्म डेव्होनियन काळातले, सदतीस-अडतीस कोटी वर्षांपूर्वीचे, न्यूयॉर्क राज्यातल्या गिल्बोआमध्ये सापडलेत. डायनासोर यायला तेव्हा अजून पुष्कळ अवकाश होता. चांगल्या जंगलाच्या एका चौरस मीटरमध्ये ते हजारोंनी असतात, काही ठिकाणी लाखाच्या वर. देवराईत आपण चप्पल काढून ज्याच्यावर उभे राहतो ते खरं तर गाव आहे.

यांना पाचोळ्यातून बाहेर कसं काढतात, ते सांगायलाच हवं, कारण माझा प्रश्न तिथेच सुरू होतो. एक मोठं नरसाळं घ्यायचं. त्यात जाळी, जाळीवर पाचोळा. खाली अल्कोहोलची बाटली, वर पेटलेला बल्ब. बस. अंतोनिओ बर्लेझे या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने 1905 साली गरम पाण्याच्या उष्णतेवर चालणारं असं नरसाळं केलं आणि पुढे अल्बर्ट टुलग्रेन या स्वीडिश माणसाने त्यात दिवा आणला. शंभर वर्षं उलटली तरी जगभर हेच वापरतात. वरून उजेड आणि ऊब येते, पाचोळा वरून खाली सुकत जातो. माइटना ओल लागते, म्हणून ते सुकण्यापासून पळत खाली खाली सरकतात. शेवटी जाळी संपते आणि ते अल्कोहोलमध्ये पडतात.

म्हणजे हा सापळा त्यांच्या जगण्याच्या धडपडीवर चालतो. ज्याला जगायचं नाही तो यात सापडणारच नाही. पहिल्या रात्री बल्ब मीच लावला होता. सकाळी बाटलीच्या तळाशी काळपट रवा साचलेला दिसला. मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो. कोड पहिल्याच फटक्यात चालला की होतो तसा.

त्या रव्यातले अकरा जण मैत्रिणीला वेगळे वाटले. चार महिने जुने शोधनिबंध चाळल्यावर, पाठीवरच्या केसांची जागा आणि लांबी पन्नासदा मोजल्यावर ती म्हणाली, नवीन आहे.

हे अकरा जण पेटी-माइट म्हणतात त्या प्रकारचे. संकट आलं की ते पाय आत घेतात, पुढचं कवच झाकणासारखं खाली ओढतात आणि बंद होतात. मग दिसतो तो एक गुळगुळीत दाणा. अल्कोहोलमध्ये पडतानाही त्यातले बहुतेक असेच मिटले होते. शेवटचं जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं होतं. आणि जातीचं वर्णन करायचं तर पाय बघावे लागतात, तोंडाचे भाग बघावे लागतात. म्हणून लॅक्टिक ॲसिडमध्ये ठेवून कवच पारदर्शक करायचं आणि बारीक सुयांनी पेटी उघडायची. ती उघडत होती आणि मी शेजारी बसून फोटो काढत होतो. कुणीतरी आतून कडी लावलेलं दार आपण मेल्यावरही उघडतोय, असं काहीतरी मनात आलं. बोललो नाही. ती श्वास रोखून काम करत होती.

घरी आल्यावर मी स्वतःशी वाद घालायला लागलो. पहिला मुद्दा कुणालाही सुचेल असा: एवढे हजारो असतात, अकरा गेले तर काय? आपण ट्रेकला जातो तेव्हा प्रत्येक पावलाखाली याहून जास्त मरत असतील. खरं आहे. पण "पुष्कळ आहेत" हे कारण आपण कुठे कुठे वापरतो ते आठवलं की ते मला पुरेसं वाटत नाही. आणि पाऊल टाकणं वेगळं, बल्ब लावणं वेगळं. आमच्या जुन्या वाड्यात एक जैन आजी होत्या. पाणी गाळून झालं की फडक्यावर राहिलेलं त्या पुन्हा विहिरीच्या पाण्यात सोडायच्या. लहानपणी आम्ही हसायचो. त्यांना दिसत काहीच नव्हतं. पण फडक्यावर कुणीतरी असेल आणि त्याला घरी पोचवायचंय, एवढं त्यांनी गृहीत धरलं होतं.

त्यांना वेदना होतात का, हे मला ठरवता येत नाही. अन्ननलिकेभोवती मज्जातंतूंचा एक गोळा असतो, तोच त्यांचा मेंदू. त्यातून दुखणं उमटतं की नुसती पळण्याची आज्ञा सुटते, हे फोटोत दिसत नाही. पण पळताना दिसतं.

दुसरा मुद्दा मैत्रिणीचा, आणि तो वजनदार आहे. ज्याला नाव नाही त्याच्याबद्दल बोलता येत नाही. उद्या ही देवराई तोडली तर कोण गेलं, हेही सांगता येणार नाही. किती जाती अशा नोंदीआधीच संपल्या असतील, त्यांच्या नावाने शोक करायलाही कुणी नाही. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत झाडं आहेत, पक्षी आहेत, औषधी मुळ्या आहेत, पायाखालचं कुणी नाही. नाव देणं म्हणजे निदान हजेरीपटावर घेणं.

हे मला पटतं. मला टोचतं ते हे की हजेरी लागते ती मेलेल्याची. प्राण्यांच्या नावांची एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. तिच्यानुसार नव्या जातीसाठी एक नमुना नेमून द्यावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात, आणि तो कुठे ठेवला तेही लिहावं लागतं. हा नमुना जातीचा आदर्श प्रतिनिधी असावा लागत नाही. सरासरी नको, सुंदर नको. नाव ज्या शरीराला बांधलंय ते शरीर, एवढीच त्याची नेमणूक. पुढे शंभर वर्षांनी कुणी विचारलं, "या नावाचा म्हणजे नक्की कोणता?" तर ती काचपट्टी काढून दाखवायची. आमच्या अकरांपैकी ज्याचे पाय सर्वांत नीट उघडले गेले तो होलोटाइप झाला.

गंमत म्हणजे आपल्या जातीला दोनशे वर्षं असा नमुनाच नव्हता. लिनियसने 1758 मध्ये होमो सेपियन्स लिहिलं आणि पुढे गेला. 1959 मध्ये विल्यम स्टर्न यांनी सुचवलं की खुद्द लिनियसलाच माणसाचा नमुना मानावं. तो उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये आरामात पुरलेला आहे. त्याला कुणी ॲसिडमध्ये ठेवलं नाही.

न मारता नाव देता येत नाही असंही नाही. अरुणाचलातल्या ईगलनेस्टमध्ये रमणा आत्रेय यांना 1995 साली एक अनोळखी पक्षी दिसला होता. ते पेशाने खगोलशास्त्रज्ञ. 2006 मध्ये तो जाळ्यात आला, त्यांनी फोटो काढले, मापं घेतली, निसटलेली पिसं ठेवली आणि पक्षी सोडून दिला. इतके थोडे दिसतात की त्यातला एकही कमी करणं त्यांना मान्य नव्हतं. तिथल्या बुगुन लोकांच्या नावावरून पक्ष्याला बुगुन लिओसिक्ला नाव मिळालं, आणि ते पिसांवर आणि फोटोंवर उभं आहे. हे वाचून मी उत्साहाने मैत्रिणीला मेसेज केला. तिचं उत्तर: "माइटचं पीस पाठव."

बरोबर आहे तिचं. जिवंत माइटच्या फोटोत जात ओळखू येत नाही, कवच पारदर्शक केल्याशिवाय काही दिसत नाही. पण मग मला वाटतं, पक्ष्याला सवलत मिळाली ती तो दुर्मीळ होता म्हणून, की त्याला डोळे होते आणि तो आपल्याकडे बघत होता म्हणूनही?

नाव मिळणं हे प्रत्येक वेळी त्या प्राण्याच्या भल्याचं असतं, असंही नाही. स्लोव्हेनियातल्या गुहांमध्ये एक आंधळा भुंगेरा राहतो. 1937 साली एका हौशी संशोधकाने त्याला हिटलरचं नाव दिलं. आज नाझी वस्तू जमवणारे लोक त्या भुंगेऱ्यासाठी पैसे मोजतात आणि गुहांमधून त्याची चोरटी पकड चालते. नियमावली नाव बदलू देत नाही. बिचाऱ्याला डोळेही नाहीत, आणि कुणाच्या पापाचं ओझं वाहतोय.

ऑरिबॅटिड माइटचं शास्त्र ज्यांच्याशिवाय उभंच राहिलं नसतं ते फ्रांस्वा ग्रांजां मूळचे खाण अभियंता आणि खनिजांचे अभ्यासक. खनिजं तपासायचा ध्रुवीकृत प्रकाश त्यांनी माइटच्या केसांवर टाकला आणि कुठल्या गटाचे केस चमकतात, कुठल्या नाही, यावरून अख्ख्या वर्गाची मांडणी बदलली. इंजिनिअर म्हणून मला हे वाचून बरं वाटलं. बाहेरचा माणूसही इथे काही करू शकतो. त्यांनी किती पेट्या उघडल्या असतील, हे नंतर मनात आलं.

माझा प्रामाणिक हिशोब असा: आम्ही ते केलं कारण आम्हाला जाणून घ्यायचं होतं. संवर्धनाचं कारण खरं आहे, पण ते आम्हाला नंतर आठवलं. पहिल्या सकाळी बाटली उजेडात धरली तेव्हा देवराई वाचवायचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. जाणून घ्यायची इच्छा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिची किंमत दुसरा कुणीतरी मोजत असेल तर निदान ती आपली इच्छा आहे, एवढं तरी म्हणावं. त्या प्राण्याने नाव मागितलेलं नव्हतं.

आणि अकरांबद्दल एवढं बोलतोय, तर बाकीच्यांचंही सांगायला हवं. बाटलीत काही शे होते. ते आता फ्रीजमधल्या छोट्या कुप्यांत आहेत आणि लेबलवर माझ्याच अक्षरात लिहिलंय: "इतर". त्यांचा अभ्यास करायला कुणाला कधी वेळ मिळेल माहीत नाही. त्यांना नावाचा मोबदलाही मिळाला नाही. मैत्रीण म्हणते, टाकून देणार नाही, कुणीतरी येईल. हे मी तिच्या बाजूने लिहून ठेवतो, कारण टाकून देणं सोपं आहे.

निबंध जवळजवळ लिहून झाल्यावर तिला वाटलं, जातीला देवीचं नाव द्यावं. मला ते आवडलं आणि लगेच लाजही वाटली. ज्यांच्याशी आपण अर्धं खरं बोललो त्यांचंच नाव कौतुकाने कागदावर चढवायचं. मी म्हटलं, आधी बाबांना सगळं सांगू. ती म्हणाली, परवानग्यांचे कागद आहेत आपल्याकडे. होतेच. कागदांत चूक काही नव्हती. थोडं भांडण झालं, मग एका रविवारी दोघंही गेलो.

बाबा अंगणात बसले होते. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरून, जवळ धरून पाहिला. "हे आपल्या रानातलं?" म्हटलं, हो, पाल्यात होतं. मग सगळं सांगितलं. बल्ब, नरसाळं, अल्कोहोल. पाला आणला तेव्हा तो रिकामा होता, हेही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मैत्रीण पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

"मग हे माघारी येणार का?" त्यांनी फोटोकडे बोट दाखवून विचारलं.

तिने सांगितलं की नाही. कायद्याने नव्या जातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहालयात ठेवावा लागतो. तिथे तो जपून ठेवतात. "शंभर वर्षंसुद्धा राहील बाबा."

"तिथं काय करंल ते?"

याचं उत्तर आम्हा दोघांकडे नव्हतं. मग तिने नावाचं विचारलं. देवीचं नाव दिलं तर चालेल का? बाबा म्हणाले, ते मी कोण सांगणार, कौल लावावा लागंल. जत्रेला लावू. "आधी नेलं त्याचं इचारू, मंग नावाचं. दोन्ही एका दमात नको."

जत्रा दोन महिन्यांवर आहे. निबंधाची फाइल तिच्या लॅपटॉपवर आहे आणि नावाच्या जागी अजून "नवी जात १" एवढंच लिहिलंय. पहिल्याच प्रश्नाला कौल डावा आला तर काय करायचं, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. तिच्या गाइडना हे कसं सांगायचं, तेही. फोटोंचं माझं काम संपलंय, तरी जत्रेला मी जाणार आहे.