लोकवाटा आणि काला



आज एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार आपण मिळून करू. आपल्याच रानात बांध घालायचा, आपल्याच रानातली माती अडवायची, आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग सरकारकडून घ्यायचा, हे वारकऱ्याला शोभते का? घ्यायचे असेल तर कोणत्या भावनेने घ्यावे? आणि घेतल्यानंतर आपल्याकडे काय देणे उरते?

आपण म्हणाल, हा प्रश्न कृषी सहायकाला विचारावा, इथे कशाला? पण माउली, पालखीबरोबर चालणारे बहुतेक पाय शेतातलेच आहेत. पेरणी उरकून, नाहीतर पेरणीचा घोर मनात ठेवूनच, आपण वाटेला लागतो. गळ्यात माळ आली म्हणून सात-बारा एकीकडे आणि परमार्थ दुसरीकडे, असे होत नाही. सावता महाराजांनी अरणचा मळा सोडला नाही. त्यांचा देव त्या मळ्यातच उभा राहिला, असे आपली परंपरा सांगते. मग आपल्या मळ्यातला व्यवहार देवाच्या नजरेबाहेर कसा राहील?

आधी हे समजून घेऊ, की दुसऱ्याच्या रानातल्या बांधाला सरकारने पैसे का द्यावेत. आपले रान उताराला आहे असे धरा. वळवाची एक जोराची सर येते. बांध नसेल तर पाणी धावत सुटते आणि वरची सकस माती घेऊन जाते. ती माती खालच्या शेजाऱ्याच्या उभ्या पिकावर बसते, तिथून ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत, नदीतून धरणात. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, नीरा नरसिंहपूरला मिळते आणि पुढे तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. म्हणजे आळंदीच्या शिवारातून सुटलेली माती उजनीच्या तळाशी गाळ होऊन बसते, नाहीतर वाळवंटापर्यंत पोचते. आपल्या एका फुटक्या बांधाचे परिणाम असे दूरवर जातात.

याची दुसरी बाजूही आहे. आपण बांध धड ठेवला तर पाणी आपल्या रानात जिरते, पण ते तिथेच थांबत नाही. ते खालच्या विहिरीला लागते. खर्च आपला आणि फळाचा काही भाग दुसऱ्याचा, असा हा मामला आहे. म्हणून ज्यांना फळ मिळते त्या सर्वांनी मिळून खर्चाला हात लावावा, हा सरकारी मदतीमागचा विचार. ही भीक नव्हे आणि बक्षीसही नव्हे. फळ वाटले जाते म्हणून भारही वाटला जातो, इतकेच.

हा विचार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 1930 च्या दशकात बेसुमार नांगरट आणि अवर्षण एकत्र आले. मैदानी मुलखातली माती वावटळींनी उचलली आणि ती धूळ राजधानीपर्यंत गेली. 1935 साली तिथे मृदसंधारणाचा कायदा झाला. आजही तिथल्या एका मोठ्या योजनेत शेतकऱ्याला आणि गुरे पाळणाऱ्या कुरणवाल्याला माती-पाणी राखण्याच्या कामासाठी खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते. नवख्या किंवा आजवर वंचित राहिलेल्या शेतकऱ्यांना 90 टक्क्यांपर्यंत. मात्र ज्या कामाला पैसे घेतले, ते काम ठरलेल्या मुदतीपर्यंत नीट राखण्याचे वचन द्यावे लागते. आपल्याकडेही मुंबई प्रांतात 1942 सालीच जमीन सुधारणेचा कायदा झाला होता. 1972 च्या दुष्काळात तर हजारो हातांनी पाझर तलाव खणले आणि बांध घातले. त्यातले कितीतरी हात असे होते, की त्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे यायचे आहे.

आता आपल्या वाट्याकडे वळू. पाणलोट विकासाच्या कामांसाठी केंद्राने 2008 साली ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत लोकवाटा सांगितला आहे. खाजगी जमिनीवर माती-पाण्याचे काम झाले तर त्या शेतकऱ्याने खर्चाचा किमान 10 टक्के वाटा द्यायचा. अनुसूचित जाती-जमातीच्या तसेच अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांनी किमान 5 टक्के. रोख नसेल तर श्रमदान चालते. त्या श्रमाचे मोल ठरवून तेवढी रक्कम पाणलोट विकास निधीत जमा करायची. आणि या निधीचे काय करायचे? प्रकल्प संपल्यावर गावाच्या सामाईक जमिनीवरच्या कामांची डागडुजी. खाजगी रानातल्या बांधासाठी हा निधी वापरायचा नाही.

माउली, हा नियम पुन्हा एकदा वाचा. माझ्या रानात काम झाले, मी वाटा दिला, पण तो पैसा माझ्या बांधाला परत येत नाही. तो गायरानातल्या चरांना जातो, गावाच्या नालाबांधाला जातो. माझा बांध मीच राखायचा.

हे वाचताना आपल्याला सप्ताहातला काला आठवला पाहिजे. काल्यात प्रत्येकाची शिदोरी येते. कुणाच्या फडक्यात लाह्या, कुणाच्या गाडग्यात दही, कुणाकडे मूठभर पोहे. सगळे एका भांड्यात पडते, एकत्र कालवले जाते, आणि मग कुणाची मूठ कुठे गेली ते सांगता येत नाही. काल्यात मोठी शिदोरी आणि लहान शिदोरी असा मान-अपमान नसतो. मात्र एक गोष्ट ठरलेली असते: आपली शिदोरी आपण आणायची. शेजाऱ्याचे गाठोडे सोडून ते आपले म्हणून भांड्यात टाकले, तर तो काला होत नाही.

लोकवाट्याच्या बाबतीत नेमके हेच होते, अशी तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते. जमीनवाल्याने 10 टक्के द्यायचे असतात, पण तो देत नाही. मग बांधावर राबणाऱ्या मजुराच्या मजुरीतून तेवढे कापले जाते आणि कागदावर लोकवाटा पूर्ण होतो. ज्या बाईने उन्हात टोपल्या वाहिल्या तिचे रान नाही, विहीर नाही. बांध दुसऱ्याचा, ओल दुसऱ्याची, पीक दुसऱ्याचे. वाटा मात्र तिचा. वर त्याला श्रमदान असे पवित्र नाव. दान ते, जे देणाऱ्याने आपल्या हाताने दिले. दुसऱ्याने कापून घेतले ते दान कसले?

इथे तुकोबारायांच्या चरित्रातली एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. महाराजांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण परंपरा त्याआधीचेही एक सांगते. आधी धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी खतांची वाटणी झाली, त्यांचा अर्धा हिस्सा त्यांच्या हाती दिला आणि मग महाराजांनी फक्त आपला हिस्सा नदीत सोडला. दुष्काळाने घर उजाड केले होते, वैराग्य अंगात भिनले होते, तरीही भावाच्या हिश्श्याला हात लावला नाही. त्याग करायचा तो आपल्या वाट्याचा. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग करून आपण त्यागी होत नाही. गावात लोकवाट्याचा हिशेब होईल तेव्हा ही गोष्ट कुणीतरी उठून सांगितली पाहिजे. आणि माळकऱ्याने नाही सांगितली तर कोण सांगणार?

दुसरी कसोटी पाण्याची. राज्यात 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. तेव्हा कमाल 50,000 रुपये अनुदान होते. कल्पना चांगली होती. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवावे आणि पावसाने ताण दिला की त्यातून एखादे पाणी पिकाला द्यावे. पण काही भागांत घडले वेगळेच. तळे खणले, प्लास्टिकचा कागद अंथरला आणि विहिरीतले, बोअरमधले पाणी उपसून त्यात भरून ठेवले. जमिनीखालचे पाणी साऱ्या शिवाराचे होते. वर येऊन कागदावर पडल्याबरोबर ते एकाचे झाले. त्यातले कितीतरी उन्हाने उडूनही जाते. खालच्या आळीतली उथळ विहीर मात्र लवकर कोरडी पडते.

यात त्या शेतकऱ्याचे संकट खोटे नाही. डाळिंबाची किंवा द्राक्षाची बाग जळाली तर वर्षांची मेहनत जाते, डोक्यावर कर्ज राहते. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. तरीही प्रश्न उरतोच: सर्वांच्या पैशाने बांधलेल्या भांड्यात सर्वांचे पाणी एकट्यासाठी भरावे का? अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने याचे उत्तर गावाने मिळून दिले. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे श्रमदान झाले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी झाली. पण त्याबरोबरच शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, उसासारखे फार पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, असेही ठरले. किती पाऊस पडला, किती पाणी आहे, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवली जातात. सरकारी योजना इतर गावांतही गेल्या. इथे लोकांनी योजनेबरोबर स्वतःवर बंधनही घेतले. आपण एकादशी करतो म्हणजे काय करतो? अन्न समोर असताना हात आवरतो. पाण्याचीही अशी एकादशी असते.

आता आपल्या मनातला रागही बोलून टाकू. आपण म्हणाल, 'शेतमालाला भाव नाही, विमा वेळेवर नाही, विजेचा पत्ता नाही. अशा सरकारकडून चार पैसे जास्त उकळले, बांध न घालताच बिल काढले, तर कुठे बिघडले?' माउली, राग खरा आहे. योजनांत उणिवाही आहेत. ठिबकचेच पाहा. केंद्राच्या योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकाला ठरलेल्या खर्चाच्या 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के मिळतात; राज्य त्यात भर घालून ते 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत नेते. टक्केवारी मोठी दिसते. पण अनुदान मागाहून खात्यावर येणार असेल तर आधी पैसे घालायला हवेत, आणि ज्याच्याकडे ते नाहीत तो रांगेतच राहतो. जी विधवा रान कसते पण सात-बाऱ्यावर जिचे नाव चढलेले नाही, तिचा तर अर्जही पुढे सरकत नाही. हे बदलायला हवे, आणि त्यासाठी ग्रामसभेत आवाज करणे हेही काही परमार्थाबाहेरचे काम नाही.

पण तो पैसा 'सरकारचा' आहे हे मात्र खरे नाही. सरकारच्या घरी टांकसाळ असली तरी तिथे दाणे पिकत नाहीत. साबणाच्या वडीवर, चपलेच्या जोडावर जो कर भरला जातो, तो त्या भांड्यात पडतो. टोपल्या वाहणारी बाईही तो भरते. खोट्या बिलाने आपण मंत्र्याच्या खिशात हात घालत नाही, तिच्या कनवटीला हात घालतो. भाव न मिळाल्याचा राग तिच्यावर काढायचा का?

याउलट काही सज्जन अगदी दुसऱ्या टोकाला जातात. 'मला कुणाचे काही नको, देव देईल ते पुरे,' म्हणतात आणि रानाची घळ होऊ देतात. यातही विचार हवा. दिंडीत आपण पंगतीला बसतो तेव्हा लाजतो का? कुणी वाढले, आपण घेतले, दुसऱ्या मुक्कामी आपण वाढले. घेण्यात कमीपणा नाही. पानात घेतलेले टाकून देण्यात आहे, आणि वाढायची पाळी आली की उठून जाण्यात आहे. अनुदान घेऊन बांध केला आणि दुसऱ्या वर्षी तो नांगराने कोरून दोन तास वाढवले, तर ते पानातले टाकण्यासारखेच झाले.

म्हणून माउली, निर्णय असा करावा. गरज असेल तर मदत जरूर घ्यावी, मान खाली न घालता घ्यावी. आपला वाटा आपल्या घामाचा किंवा आपल्या गाठीचा असावा. जे काम झाले ते आपण आहोत तोवर राखावे. त्यातून जे पाणी साठेल, ते खालच्याचेही आहे हे विसरू नये.

चांगला बांध घालणारा बांधाला सांडवा ठेवतो. रानाला हवे तेवढे पाणी थांबते, उरलेले शांतपणे खालच्या रानात जाते. सांडवा नसलेला बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो आणि दोघांचेही रान घेऊन जातो.

यंदा आषाढीहून परत आलात की पाऊस उघडल्यावर एकदा आपल्या बांधावरून चाला. कुठे खचला असेल तिथे दोन दगड लावा. सांडवा तुंबला असेल तर मोकळा करा. आणि त्या बांधावर राबलेल्या माणसाची मजुरी पुरती पोचली का, ते घरी येण्याआधी विचारा.

रामकृष्णहरी.