गप्प राहणाऱ्याच्या खात्यात कोणाचे पैसे?

मार्च २०२४ मध्ये अटल पेन्शन योजनेवरून वाद झडला. लक्ष्य गाठण्यासाठी बँकांकडून खातेदारांना न विचारताच त्यांची नावं योजनेत घातली गेली, असा आक्षेप होता. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचं उत्तर असं की, योजनेची रचनाच तशी आहे. थांबायचं असेल तर माणसानं निर्णय घ्यायचा, चालू ठेवायला नाही, आणि त्यात लोकांचंच हित आहे. आक्षेप आत ओढण्याबद्दल होता, खुलासा आत बसवून ठेवण्याबद्दल. अशा वेळी सक्ती न करता लोकांना त्यांच्या हिताकडे वळवावं असं मांडणारे अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांचं नाव फार कामाला येतं.

जर्मनीत बिस्मार्कचा १८८९ चा पेन्शन कायदा, आपला १९५२ चा भविष्यनिर्वाह निधी कायदा ही सरळ सक्ती होती, आणि ती सक्ती म्हणूनच सांगितली गेली. पुढे २००१ मध्ये ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे या अभ्यासकांनी एका अमेरिकी कंपनीतले कर्मचारी अभ्यासले. नाव आपोआप नोंदवलं की बहुतेक जण निवृत्तीच्या बचत योजनेत राहतात, हा निष्कर्ष गाजला. त्याच निबंधातली दुसरी गोष्ट मात्र मागे पडली. निम्म्याहून जास्त लोक कंपनीनं ठरवून दिलेल्या पगाराच्या तीन टक्क्यांवरच थबकले. एरवी ज्यांनी जास्त टाकले असते, असेही त्यांत होते.

सगळ्यात चुकीचं वाचलं जातं ते ब्रिटनचं उदाहरण. ऑक्टोबर २०१२ पासून तिथे नोकरदारांची आपोआप नोंदणी सुरू झाली आणि दहातले साधारण नऊ जण आत राहिले. हा माणसाच्या आळसाचा विजय, असं सांगितलं जातं. मला तो साध्या हिशेबाचा विजय वाटतो. २००८ च्या कायद्यानं नोंदणीची जबाबदारी मालकाच्या गळ्यात घातली आणि त्याला खिशातही हात घालायला लावला. २०१९ पासून किमान आठ टक्के वर्गणीपैकी तीन त्याचे. बाहेर पडणारा कामगार मालकाच्या पैशांवर पाणी सोडतो. कोण सोडेल? शिवाय नोंदणी लेखी कळवायची, आणि महिन्याभरात नको म्हटलं तर कापलेली रक्कम परत. छोटे मालक खासगी कंपन्यांना परवडत नव्हते, म्हणून सरकारनं नेस्ट ही पेन्शन योजना उभी केली, येईल त्या मालकाला घेण्याच्या बंधनासह. ही वाट सुचवणाऱ्या टर्नर आयोगानं सरकारी पेन्शन वेतनवाढीशी जोडण्याचीही शिफारस केली होती. तेवढं परिसंवादांत कोणी सांगत नाही.

ठरलेला मालकच नसेल तर? महाराष्ट्रानं १९६९ मध्येच माथाडी कायद्यानं याचं उत्तर दिलं. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून मजुरीवरची लेव्ही व्यापाऱ्यानं या कायद्याखालच्या मंडळाकडे भरायची आणि फंड मंडळानं सांभाळायचा.

अटल योजनेत मालक नाही. सरकारचा वाटा मार्च २०१६ पर्यंत आलेल्या पात्र खातेदारांपुरता होता, तोही पाच वर्षं. अठराव्या वर्षापासून महिना ४२ रुपये भरणाऱ्या मुलीला साठीनंतर महिना १००० रुपये मिळणार. बेचाळीस वर्षांची महागाई तिनं सोसायची. बहुतेक खाती याच हजाराच्या टप्प्यावर आहेत. अमेरिकेतले ते तीन टक्के इथे असे भेटतात.

आपोआप नोंदवायचंच असेल तर खात्यात पहिले पैसे सरकारचे पडू द्या. पहिल्या कपातीआधी खातेदाराला त्याच्या भाषेत निरोप जाऊ द्या, आणि महिन्याभरात नको म्हणणाऱ्याला पै न् पै परत करा. बँकेच्या शाखेला लक्ष्य हवंच असेल, तर नव्या खात्यांचं नको. पाच वर्षांनीही हप्ते चालू असलेल्या खात्यांचं द्या.