बशीतली हळद

एका पांढऱ्या बशीत चिमूटभर हळद घ्या, दोन थेंब पाण्यात कालवा. शेजारी पानाच्या डब्यातली चुन्याची डबी, एक काडी आणि लिंबाची फोड असू द्या. घाई नको. आधी नुसतं पिवळं पाहा.

आता काडीच्या टोकाला लागेल एवढाच चुना घ्या. बोट लावू नका, चुना कातडी भाजतो. हळदीच्या एका कडेला काडी टेकवा. तिथे लाल उमटेल. हळदीच्या डागावर साबण पडला की हाच लाल दिसतो, पण धुण्याच्या धांदलीत आपण तो पाहतो कुठे? आज थांबा.

ही लाली वरून आलेली नाही. उलट, हळदीकडचं काही गेलं आहे. तिच्यातल्या कर्क्युमिनच्या रेणूवरचा एक प्रोटॉन चुन्यातल्या हायड्रॉक्साइडने उचलला, आणि त्या दोघांचं पाणी झालं. प्रोटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, उरलेलं नुसतं केंद्रक. तेवढंसं हललं आणि रंग पालटला. मला हे दर वेळी नवं वाटतं.

लालावर लिंबू पिळा, थेंब थेंब. एका थेंबाने भागणार नाही. 1923 साली डेन्मार्कच्या ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडच्या लॉरी यांनी, एकमेकांना न विचारता, आम्ल ओळखलं ते याच देण्यावरून: प्रोटॉन देतं ते आम्ल, घेते ती आम्लारी. लिंबू देत राहतं, पिवळं परत येतं. बशीत आता थोडं कॅल्शियम सायट्रेटही आहे. तो क्षार.

डोळे मिटा. श्वास सावकाश सोडा. त्यातला कार्बन डायऑक्साइड आत्ता आत्तापर्यंत रक्तात होता. तिथे पाण्याशी मिळून तो कार्बोनिक आम्ल होतो. आपल्या धमन्यांतल्या रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 एवढ्याच अरुंद पट्टीत राहावा लागतो, म्हणून प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शरीर थोडं आम्ल उतरवून ठेवतं.

डोळे उघडा. चुन्याची डबी उघडीच आहे. तुम्ही सोडलेला वायू तिच्यावरून जातो आहे. ओलसर चुना तो धरतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होतो. हाही क्षारच, ज्या चुनखडीतून तो भाजून काढला तीच पुन्हा. विसरलेल्या डबीत वर जो पांढरा पापुद्रा धरतो, तो हाच.

आणखी एक श्वास सोडा.