सहा प्राणी आणि एक खुंटा



तथागतांनी भिक्खूंना दिलेला एक दाखला संयुत्त निकायात आहे. एका माणसाने साप, सुसर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड यांना सहा दोरांनी बांधले, दोरांची टोके एकत्र गाठली आणि सोडून दिले. साप वारुळाकडे ओढतो, सुसर पाण्याकडे, पक्षी आकाशाकडे, कुत्रा गावाकडे, कोल्हा स्मशानाकडे, माकड रानाकडे. ज्याचे बळ जास्त, त्याच्यामागे बाकीचे फरफटतात. हे प्राणी म्हणजे डोळे, कान, नाक, जीभ, काया आणि मन. तेच दोर भक्कम खुंट्याला बांधले, तर सगळे ओढून ओढून थकतात आणि तिथेच बसतात. तो खुंटा म्हणजे कायेविषयीची सति.

आता आपल्या घरात पाहा. एकच खोली. कोपऱ्यात पोर गणित करीत आहे. समोर टीव्हीवर मालिका, वडिलांच्या हातात मोबाईल. पोर बेरजेत हातचा धरते आणि पुढच्या आकड्यावर जाईपर्यंत तो हरवतो. आपण म्हणतो, याला डोकेच नाही. डोके आहे हो! हातचा धरून ठेवायची मेंदूतली जागाच मुळी फार लहान असते. तिला कार्यस्मृती म्हणतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची मर्यादा सुमारे सात गोष्टींची सांगितली. पुढच्या संशोधकांनी ती चारपर्यंत खाली आणली. कपाळामागचा मेंदूचा भाग ही राखण करीत असतो.

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. वाचलेले आकडे आपण मनात पुटपुटून धरून ठेवतो, आणि कानावर पडलेले बोलणे त्याच जागेत घुसते. १९७६ आणि १९८२ सालच्या प्रयोगांत दिसले की न समजणाऱ्या भाषेतले, अगदी अर्थहीन बोलणेही चुका वाढवते. एकसुरी घरघर तेवढे बिघडवीत नाही. म्हणजे पंख्यापेक्षा मालिकेतली सासू महाग पडते. न्यूयॉर्कच्या एका शाळेत रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुले वाचनात मागे पडलेली १९७५ साली आढळली. आवाज कमी करण्याचे उपाय झाल्यावर हा फरक उरला नाही. मुले तशीच होती, गोंगाट तेवढा कमी झाला होता.

हे शास्त्र तथागतांनी आधीच सांगितले होते, असा दावा मी करणार नाही. असले दावे पोथीवाल्यांना शोभतात. पण सति या शब्दात आठवण धरणे हा अर्थ आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी आपल्या साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब, जवळ जाते, पायाशी बकरी. सुभेदार रामजी त्यांना लवकर झोपवीत आणि रात्री दोन वाजता उठवीत, कारण शांतता तेवढ्याच वेळी मिळे. आणि आपण त्यांची जयंती ऐन वार्षिक परीक्षेच्या दिवसांत भिंती हादरवून साजरी करतो! रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावू नये, असा २००० सालचा नियम आहे. तो दुसऱ्यांना दाखवताना आपल्याला बरा आठवतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठराव केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घरोघर टीव्ही आणि मोबाईल बंद होतात आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत मुले अभ्यास करतात. मोठ्यांचेही मोबाईल बंद, हे महत्त्वाचे. मुलाला वाच म्हणायचे आणि आपण चित्रे सरकवीत बसायचे, तर कुत्रा गावाकडेच ओढणार.

मेढ्यात आपली घरे थोडी. दीड तास ठरवायला ठराव कशाला हवा? त्रिसरण-पंचशील म्हणून झाले की बटण बंद करावे आणि आधी पाच मिनिटे मुलांसह श्वासाकडे लक्ष देऊन बसावे. चुलीपाशी असलेल्या मुलीलाही त्या वेळात उठवून पुस्तकाशी बसवावे. भाकरी नंतर होतील. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आजारी आहे किंवा तान्हे रडते, त्यांच्या मुलांनी विहारात बसावे. संध्याकाळी विहाराची किल्ली कोणाकडे असते, हे येत्या रविवारी वंदनेला आल्यावर विचारून घ्या.