राऊंड आणि ड्यूटी

लखनौच्या रेसिडेन्सीच्या भग्नावशेषांत एक घर अजूनही डॉ. जोसेफ फेअरर यांच्या नावानं ओळखलं जातं. १८५७च्या वेढ्यात तोफगोळ्यानं जखमी झालेल्या ब्रिटिश अधिकारी हेन्री लॉरेन्सनं ४ जुलैला याच घरात प्राण सोडला. रेसिडेन्सीतल्या मेजवान्यांच्या दिवाणखान्याचं तेव्हा इस्पितळ झालं होतं. तिथे जखमींची शुश्रूषा करणाऱ्या बायकांत एमिली पोलहॅम्प्टन होती, एका पाद्र्याची पत्नी. वेढ्यातच ती विधवा झाली. फेअरर पुढे सर्पविषाचे नामांकित अभ्यासक झाले. भारतातल्या विषारी सापांवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ १८७२ साली आला. एमिलीची डायरीही छापली गेली, पण नवऱ्याच्या पत्रांच्या पुस्तकात.

डॉक्टर आणि सिस्टर ही जोडी आजही वॉर्डात दिसते. पण डॉक्टर कोरडे आणि सिस्टर मायाळू, ही वाटणी मला पटत नाही. खाष्ट सिस्टर कोणी पाहिली नाही? आपण ज्याला स्वभाव म्हणतो तो पुष्कळसा घड्याळानं घडवलेला असतो. डॉक्टर खाटेपाशी काही मिनिटं थांबतात. तेवढ्यात निदान करायचं, निर्णय घ्यायचा, पुढे जायचं. मग बोलणं तुटक होणारच. सिस्टर पाळीभर तिथेच. ताप, नाडी, पोटात किती गेलं, लघवी किती झाली, हे सगळं तक्त्यावर तीच भरते.

लखनौचा रुग्ण म्हणजे तर अदबीचा कळस. डॉक्टरांनी ‘कैसे हैं?’ विचारलं की पोटात कळ येत असली तरी ‘आपकी दुआ है’ म्हणणार. रात्रीपासून त्याला लघवी झालेली नाही, हे मागे उभ्या असलेल्या सिस्टरला ठाऊक असतं.

आता केसपेपरवर वेदनाशामकापुढे लिहिलेलं ‘एसओएस’ घ्या. म्हणजे दुखलंच तर हे औषध द्या. लिहिणारा निघून जातो. पहाटे तीन वाजता ‘दुखलंच’ म्हणजे किती, हे सिस्टरनं ठरवायचं. भिऊन विव्हळतोय, कूस अवघडलीय, की टाक्यांतून खरीच कळ उठलीय? दिलं तर वेळ घालून सही तिची. नाही दिलं तर सकाळी नातेवाइकांची बोलणीही तिलाच. एवढा निवाडा रोज करणाऱ्या बाईला राऊंडमध्ये मात्र कोणी ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं क्वचितच विचारतं. मग तीही हळूहळू विचारल्याशिवाय बोलेनाशी होते, आणि आपण म्हणतो, सिस्टर स्वभावानंच अबोल आहेत.