माल चांगला, पण भाव कोणता?

धर्माबादच्या मोंढ्यात लाल मिरचीची आडत चालवणारे एक मामा होते. त्यांना दोन भाचे. थोरल्याचे मिरची कांडप. तिखट दळून, पाकिटे भरून तो नांदेड-निझामाबादपर्यंत पाठवी. धाकटा नोकरी सांभाळून थोडे थोडे पैसे शेअरमध्ये घाली. 2024 च्या उन्हाळ्यात दोघांची जुंपली आणि वाद घेऊन दोघेही आडतीवर आले.

वाद होता इंडियामार्टचा. 1996 मध्ये सुरू झालेली ही कंपनी घेणाऱ्याची चौकशी विकणाऱ्यापर्यंत पोचवते. नुसते नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत; जास्त चौकश्या हव्या असतील तर विकणाऱ्याने वर्गणी भरायची. थोरल्याने वर्षाची वर्गणी भरली होती, ती संपत आली होती.

"मी पुन्हा भरणार नाही मामा. मला काही उपयोग झाला नाही. अन् हा त्या कंपनीचा शेअर घ्यायला निघालाय!"

"दोन लाखांवर विकणारे पैसे भरतात, दादा, तेही आगाऊ," धाकटा म्हणाला. "तू एकट्यानं सोडलं म्हणून कंपनी बुडते का?"

मामांनी आधी थोरल्याची वही मागितली. चौकश्या भरपूर आल्या होत्या. पण ऐन हंगामात कांडपाच्या आवाजात फोन ऐकू येत नसे. रात्री निवांतपणे हा फोन लावी, तोवर समोरच्याचा सौदा भलत्याशीच झालेला असे. एकच चौकशी अनेकांना दिसते. जो आधी बोलतो त्याचा माल जातो. तरीही सोलापूरचा एक मसालेवाला मिळाला होता आणि त्याने वर्षात चार वेळा तिखट नेले होते. थोरल्याने हिशेबात पहिलीच ऑर्डर धरली होती. बाकीच्या तीन आपल्या मालाच्या जोरावर आल्या, असे त्याचे म्हणणे.

"माल तुझाच," मामा म्हणाले, "पण त्याची अन् तुझी गाठ कुणी घालून दिली?"

चारही ऑर्डरींचा नफा मांडला तेव्हा वर्गणी वसूल होऊन वर थोडे उरले. वर्गणीचा हिशेब करताना बहुतेक जण इथेच चुकतात. न उचललेल्या फोनचा दोष सेवेच्या माथी जातो आणि टिकलेल्या गिऱ्हाइकाचे श्रेय मात्र आपण स्वतःकडे ठेवतो.

धाकटा खुलला. "बघा, म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं!"

"थांब," मामा म्हणाले. "सोलापूरवाला आता थेट तुझ्या दादाला फोन करतो. म्हणजे काम झालं नाही म्हणून जसा माणूस वर्गणी सोडतो, तसा काम झालं म्हणूनही सोडतो. असे किती सुटतात, ते पाहिलंस?"

धाकट्याने पाहिले नव्हते. आडतीच्या गादीवर बसूनच त्याने मोबाइलवर कंपनीचे तिमाही निवेदन उघडले. तिथे सारे उघडपणे लिहिलेले होते. महिन्याच्या हप्त्याने भरणारे छोट्या 'सिल्व्हर' वर्गणीवाले जास्त गळतात, मोठ्या 'गोल्ड' आणि 'प्लॅटिनम' वर्गणीवाले टिकतात. महसुलाचा जवळजवळ निम्मा भाग वरच्या दहा टक्के गिऱ्हाइकांकडून येतो. एकट्या दादाच्या अनुभवावरून कंपनी वाईट ठरत नव्हती, आणि दोन लाखांच्या आकड्यावरून चांगलीही ठरत नव्हती.

मामा उठले आणि समोरच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तळातली मिरची काढली. "घरच्या तिखटाला किलोभर घ्यायची तर रंग पाहायचा, तिखटपणा पाहायचा, झालं. शंभर पोती घेऊन ठेवायची तर आतली ओल पाहायची, पुढं मागणी राहील का ते पाहायचं, अन् सगळ्यात आधी आपण कोणत्या भावानं घेतोय ते पाहायचं. मी एकदा उत्तम मिरची चढ्या भावात भरली अन् हात पोळले. मिरचीत काहीच खोट नव्हती."

"शेअरचा भाव काय झाला रे?" त्यांनी विचारले.

धाकट्याने मागचे आकडे काढले. 2019 च्या जुलैमध्ये शेअर बाजारात आला तो 973 रुपयांना. 2021 मध्ये नऊ हजारांच्या वर गेला. 2023 मध्ये एकास एक बोनस मिळाला, म्हणजे एकाचे दोन झाले. आणि आता त्या दोन्हींची मिळून किंमत सहा हजारांच्याही आत होती. 2021 ते 2024 या काळात कंपनीचा वर्षाचा महसूल सुमारे 670 कोटींवरून जवळपास 1,200 कोटींवर गेला होता. धंदा वाढत राहिला, तरी 2021 च्या तेजीत शिरलेल्यांचे पैसे आटले. 973 ला घेऊन गप्प बसलेल्याचे पाचपट झाले. कंपनी एकच होती.

थोरल्याने वर्गणी आणखी एक वर्ष ठेवायचे ठरवले, पण फोन बायकोकडे दिला. तिला तेलुगूही येते आणि ती दिवसा कांडपावर नसते. धाकट्याने त्या दिवशी शेअर घेतला नाही. कंपनी वर्षाला किती कमावते आणि त्या कमाईला आपण किती मोल द्यायला तयार आहोत, हे मांडून त्याने वहीत एक भाव लिहिला. पुढच्या निवेदनात गळतीचा आकडा काय येतो, तो पाहून मामांना दाखवायचे त्याने कबूल केले. मामा लिलावाला निघून गेले. गाड्या खाली व्हायला लागल्या होत्या.