सव्वा तासाचं अंतर



परवा ग्रुपवर एका दादांनी विचारलं, "हैदराबाद ते नागपूर विमानाने किती वेळ लागतो?" दोन मिनिटांत पाच उत्तरं आली, आणि सगळी बरोबर. शमशाबाद ते सोनेगाव सरळ रेषेत साधारण ४३० किलोमीटर, विमानाने सव्वा तास. रस्त्याने ५०० च्या वर, राष्ट्रीय महामार्ग ४४ ने बसला नऊ-दहा तास धरा. त्याच रस्त्यावर मध्ये आपलं गुडीहत्नूर.

पण बघा, विमानतळावर कोणी राहत नाही. कुकटपल्लीच्या माझ्या घरून शमशाबाद तास-सव्वा तास, दोन तास आधी हजेरी, मग उड्डाण, मग सामानाची वाट पाहणं, मग नागपुरातला रस्ता. सव्वा तासाचे साडेपाच होतात. गुडीहत्नूरला यायचं तर विमान उलट लांबच पडतं, नागपूरहून परत सव्वादोनशे किलोमीटर मागे यायचं. हे गणित मलाही येत होतं. तरी मनात आकडा सव्वा तासाचाच धरला होता, कारण तो सोयीचा होता.

अक्काला नागपूरला दवाखान्यात भरती केलं तो सोमवार. आईचा फोन आला. मी म्हटलं, "आई, विमानाने तासाभराचं काम. गरज लागली की लगेच येतो." आई "बरं" म्हणाली आणि मंगळवारी पहाटे गुडघे धरत बसमध्ये चढली. आदिलाबादला गाडी बदलली, पैनगंगा ओलांडली, पांढरकवडा, हिंगणघाट करत दुपारी अक्काच्या खाटेजवळ. मी रोज फोन करायचो. अक्काच म्हणायची, "कामं सोडून येऊ नको रे." तिचं ते बोलणं ऐकून मला बरं वाटायचं. आज हे लिहिताना लाज वाटते.

शुक्रवारी रात्री साडेअकराला फोन आला. शेवटचं विमान गेलेलं. सकाळचं पहिलं पकडलं. खिडकीतून खाली डाव्या हाताला कुठेतरी आपलं गाव, आणि आमच्या घराला कुलूप. अक्का पहाटे चारलाच गेली होती.

नंतर कितीदा हिशेब केला. रात्रीच कार काढली असती तर? तरी पोचलो नसतो. म्हणजे दोष विमानाचा नाही आणि रस्त्याचाही नाही. सोमवार ते शुक्रवार मी निघालोच नव्हतो. आईजवळ विमान नव्हतं, म्हणून ती लगेच निघाली. मग अक्काच्या जवळ कोण होतं, आई की मी?

अजून एक गोष्ट सलते. मी खोटं बोललो नव्हतो. सव्वा तास खराच होता. आकडा खरा असून दिलेला शब्द खोटा कसा निघाला? मला वाटतं, तो "गरज लागली की" मध्ये फसला. गरज लागली हे ठरवायचं कोणी? ते मी खाटेवरच्या बहिणीवर टाकलं, आणि ती कधीच मागणाऱ्यातली नव्हती. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मी पोचलो तेव्हा आईने काही सुनावलं नाही. एवढंच विचारलं, "विमानात काही खायला दिलं का रे?"

दादा, नागपूरला तुमचं कोण आहे, ते तुम्ही लिहिलं नाही.